काका, तुम्ही "वाचून दाखव" म्हणलात म्हणून

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, तुझी काकू जेवायला बोलावतीये" म्हणून फोन ठेवून देता, दुपारी चार वाजता कसलं जेवण ते तुम्हालाच माहीत, म्हणून हे पत्र इथं सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचा मुलगा वाचून दाखवेलच तुम्हाला. होस्टेलला तीन वर्षं त्याचा रूममेट होतो, तुमच्या घरच्या चकल्या अर्ध्या मीच संपवल्यात, त्यामुळे तसा मी तुमच्या कर्जात आधीपासूनच आहे, पण हे प्रकरण वेगळं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात भाषेच्या विभागात टेक्निकल असिस्टंट आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. आमच्याकडं गावोगाव फिरून बोलींची रेकॉर्डिंग करतात, सगळं वेव्ह फाइलमध्ये, तासाभराची एक मोनो फाइल म्हणजे तीनशे एमबीच्या वर. हे सगळं जपायला झेरॉक्स मशीनच्या मागच्या खोलीत एक डेबियन या लिनक्सवर चालणारा बॅकअप सर्व्हर, ८ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ लावलेला, म्हणजे एकीवर लिहिलं की दुसरीवर पण तेच, आणि तो सांभाळणारा मी, ज्याला लिनक्स म्हणजे कॉलेजात शिकवलेलं तेवढंच. काका एका मोठ्या संस्थेच्या कॉम्प्युटर सेंटरमधून रिटायर झालेले, टेपवर बॅकअप घ्यायच्या काळातले.

पहिला फोन तुम्हाला केला तो अपडेट होत नव्हतं म्हणून. मी सवयीप्रमाणं स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि तुमचा रिप्लाय आला, "फोटो नको. फोन लाव आणि वाचून दाखव." मला वाटलं चष्मा नसेल जवळ. वाचायला लागलो, क्लिअरसाइन्ड फाइल इझन्ट व्हॅलिड, गॉट नोडेटा, आणि पुढं कंसात चक्क प्रश्न, डझ द नेटवर्क रिक्वायर ऑथेंटिकेशन. वाचता वाचताच माझी ट्यूब पेटली, आमच्या कॅम्पसच्या नेटला ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागतं, ते सेशन रात्री संपतं, मग अपडेटच्या ऐवजी सर्व्हरला लॉगिनचं पान मिळतंय आणि तो बिचारा तेच पॅकेजची यादी समजून वाचतोय. तुम्ही काहीच बोलला नव्हता. "झालं ना? ठेव मग." दुसऱ्या दिवशी नेटवर्कवाल्यांकडं अर्ज दिला, सर्व्हरला फिक्स आयपी आणि लॉगिनमधून सूट, त्याला तीन आठवडे आणि दोन सह्या लागल्या तो भाग सोडा.

क्रॉनचंही तसंच. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्राम. स्क्रिप्ट हातानं चालवली की चालायची, क्रॉनमधून नाही. ओळ वाचून दाखवली, "डेट, प्लस, टक्का, एफ" आणि तुम्ही म्हणालात, "टक्का? क्रॉनमध्ये टक्का आला की ओळ तिथंच तुटते, त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ दे." मी दोन दिवस डोकं फोडत होतो काका त्याच्यावर.

पण खरे आभार आहेत त्या गुरुवारच्या रात्रीचे.

झालं असं, की सर्व्हरवर जागा रिकामी दिसतीये म्हणून कॉम्प्युटरच्या पोरांच्या प्रोजेक्ट मशिनींचा बॅकअप पण आमच्याकडंच घ्यायचं ठरलं. मी हो म्हणलं, नाही म्हणायची आपली टाप नाही. दीड महिन्यानं एका पोराला जुनी फाइल पाहिजे होती म्हणून आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या रात्रीची बॅकअपची प्रत, उघडली तर आत निम्मी फोल्डरं नाहीतच. त्याच्या आदल्या दिवशी, नाहीत. घाम फुटला. डिस्कवरची जागा दाखवणारं डीएफ मारलं तर ३ टीबी मोकळे. पण काही लिहायला गेलं की नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. तुम्हाला फोन लावला तेव्हा पावणेअकरा वाजले होते, तुम्ही मॅच बघत होता, आवाज येत होता मागून.

"लॉगआउट हो. परत लॉगिन हो. आणि पहिल्या ओळीपासून वाच."

वाचलं. डेबियनचं नाव, ती वॉरंटीची सूचना, आणि तिसरी ओळ, यू हॅव न्यू मेल.

"ती मेल कधीची आहे?"

काका, ती ओळ मी रोज बघत होतो. रोज. देवळाबाहेरची पाटी बघावी तशी. क्रॉननं इमानेइतबारे रोज रात्री रूटच्या, म्हणजे अॅडमिनच्या, नावानं मेल टाकलेली, त्याच मशीनवर पडून होत्या सगळ्या, एकोणीस दिवसांच्या एकोणीस, आणि प्रत्येकीत फाइली कॉपी करणारा आरसिंक तेच ओरडत होता, जागा नाही, एरर २८. वरून माझी स्क्रिप्ट अशी हुशार की नवीन बॅकअप नीट झाला का नाही न बघताच सगळ्यात जुना स्नॅपशॉट उडवायची. म्हणजे सातच्या सात डेली अर्धवट, दोन वीकली पण अर्धवट, त्याच्या मागचं तेवढं शाबूत. नशीब की मूळ मशिनी धडधाकट होत्या.

मग तुम्ही डीएफ मायनस आय मारायला लावलं. आययूज, १०० टक्के. जागा होती, आयनोड, म्हणजे डिस्कवर फाइलींची नोंद ठेवायचे कप्पे, संपले होते. ईएक्सटी४ या फाइल सिस्टमवर प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला एक आयनोड लागतो आणि ते किती असणार हे फॉरमॅट करतानाच ठरतं, नंतर वाढवता येत नाहीत. माझ्या आधी जो कोणी होता त्यानं मोठ्या वेव्ह फाइली ठेवायच्या म्हणून लार्जफाइल४ हा पर्याय वापरून फॉरमॅट केलेलं, म्हणजे ४ एमबीमागं एक, ८ टीबीत जेमतेम १९ लाख. साधं फॉरमॅट असतं तर २४ कोटींच्या आसपास मिळाले असते. वेव्हला १९ लाख म्हणजे डोक्यावरून पाणी, त्याची चूक नव्हतीच, पण पोरांची पायथनची एन्व्हायर्नमेंटं आणि नोड मॉड्यूल्स म्हणजे लाखो चिल्लर फाइली. त्यात आम्ही सतरा स्नॅपशॉट ठेवतो, सात डेली, चार वीकली, सहा मंथली. न बदललेली फाइल हार्ड लिंक होते, म्हणजे नवी कॉपी न होता त्याच फाइलला आणखी एक नाव मिळतं, ती एकदाच मोजली जाते, पण फोल्डरची हार्ड लिंक होत नाही, त्यामुळे एक फोल्डर म्हणजे सतरा आयनोड. हे तुम्ही मला डब्यांचं उदाहरण देऊन समजावलंत, डाळ एकच पण डबे सतरा.

मी म्हणलं काका, चार मंथली उडवतो, चालू होईल, कुणाला कळणार पण नाही. यावर तुम्ही मॅचचा आवाज बंद केला. "काही डिलीट करायचं नाही. आणि सकाळी आधी विभागातल्या मॅडमना जाऊन सांगायचं, एकोणीस दिवस बॅकअप नव्हता म्हणून. त्यांनी विचारायच्या आत."

खरं सांगतो, तेव्हा राग आला होता तुमचा. माझा करार रिन्यू व्हायचा होता त्याच महिन्यात. सकाळी गेलो, पाय लटपटत होते, सांगितलं. मॅडम मिनिटभर काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या किती दिवसांत नीट होईल ते लिहून द्या. लिहून दिलं, जावक क्रमांक पडला, बास. एवढंच झालं. आणि त्या कागदामुळं मला आठवडाभर त्या पोरांचा बॅकअप बंद ठेवायची परवानगीही मिळाली, जी तोंडी मागून कधीच मिळाली नसती.

पुढचं काम तुम्ही फोनवर करून घेतलंत ते आठवलं की अजून हसू येतं. नवीन डिस्कसाठी टेंडर काढायचं म्हणजे दिवाळी उजाडली असती. तुमचा मार्ग असा, की मिररमधली एक डिस्क काढायची, तिच्यावर नवीन रेड बनवायचा ज्यात दुसऱ्या डिस्कच्या जागी सरळ मिसिंग असं लिहायचं, त्याच्यावर एक्सएफएस ही फाइल सिस्टम टाकायची कारण ती आयनोड लागतील तसे बनवते, सगळं कॉपी झालं की मग जुनी डिस्क जोडायची. पण मधे अडीच-तीन दिवस दोन्हीकडं एकेकच डिस्क, एक गेली की गेलं. म्हणून आधी दोन्ही डिस्कची स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच स्वतःला तपासते ती, लाँग टेस्ट, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली, आणि मग मला खराब सेक्टर दाखवणाऱ्या ५, १९७ आणि १९८ या तीन ओळींचे शेवटचे आकडे वाचायला लावलेत, दोनदा. शून्य, शून्य, शून्य. "आता कर."

कॉपीची कमांड टाइप केली, एंटर मारायच्या आधी वाचली. आरसिंक, मायनस ए... "आणि?" आणि काही नाही काका, मायनस ए मध्ये सगळं येतं ना. "हार्ड लिंक येत नाही. कॅपिटल एच घाल. नाहीतर डाळ पण सतरा वेळा भरशील." तो एच नसता तर एकाच फाइलच्या सतरा वेगळ्या कॉप्या व्हायला लागल्या असत्या आणि डिस्क मधेच भरली असती, आणि तोवर दोन दिवस गेले असते. सोर्सच्या शेवटची तिरकी रेघ पण तुम्हीच विचारलीत, ती नसली की फोल्डरच्या आत परत तेच फोल्डर.

त्याच दरम्यान मी शहाणपणा करून चालू असलेली स्क्रिप्ट एडिट करायला घेतली होती आणि तुम्ही असे ओरडलात की झेरॉक्सवाला आत डोकावला. मग शांतपणे क्योटो विद्यापीठाचं सांगितलंत. डिसेंबर २०२१, त्यांच्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपचीच स्क्रिप्ट चालू असताना तिच्यावर नवीन स्क्रिप्ट टाकली गेली, बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, ती वाचत वाचत चालवतो, मधूनच नवीन वाचायला लागला, व्हेरिएबल ठरवलेलंच नाही, आणि ७७ टीबी, जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली उडाल्या. चौदा रिसर्च ग्रुपच्या. आता माझ्या स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत सेट मायनस यू आहे, म्हणजे न ठरवलेलं व्हेरिएबल आलं की स्क्रिप्ट थांबते, आणि बदल करायचा तर वेगळ्या फाइलमध्ये करून मग जागेवर आणतो.

सध्याची खबर म्हणजे, पोरांच्या मशिनींवर आता सर्व्हरची किल्ली नाही, सर्व्हरच जाऊन बॅकअप ओढून आणतो, म्हणजे तिकडं व्हायरस घुसला तरी इकडं हात पोचत नाही. जुन्या बिल्डिंगचा स्विच अजून शंभर एमबीपीएसचाच आहे, तासाला ४५ जीबी सरकले तरी खूप, म्हणून त्यांचा नंबर रात्री दोननंतर. मेल मला आणि मॅडमना दोघांना जातात. मॅडम रोज वाचतात, परवा मला विचारलं, आज मेल आली नाही, काय झालं. लाइट गेली होती.

करार रिन्यू झाला काका, ते सांगायचं राहिलंच.

अजून एक. डेडस्टॉक रजिस्टर लावताना कपाटात चार डीडीएसच्या, म्हणजे जुन्या बॅकअपच्या, टेप सापडल्या, लेबलवर पेनानं तारखा लिहिलेल्या, ड्राइव्ह कुठंच नाही. रजिस्टरमध्येही नोंद नाही. तुमच्याकडं माळ्यावर जुना ड्राइव्ह आहे असं तुमचा मुलगा म्हणाला. पुढच्या रविवारी टेप घेऊन येतोय, बोलींचं जुनं काहीतरी असलं तर मॅडम खूश होतील. काकूंना आत्ताच सांगू नका, माळ्यावरनं काय काय खाली काढावं लागेल ते. चकल्या असतील तर बघा.

तुमचाच,
झेरॉक्सच्या मागच्या खोलीतला