क्लच न दाबता गिअर टाकण्याचे खूळ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

क्लचला पायही न लावता धडाधड गिअर बदलणारे अमेरिकी ट्रकचालक हल्ली आपल्या ड्रायव्हरांच्या मोबाइलवर दिसतात, आणि ते पाहून तोच प्रयोग इथल्या लोडच्या गाड्यांवर होतो. त्या चित्रफिती खोट्या नाहीत. त्या ट्रकखालचा गिअरबॉक्स वेगळा असतो, एवढेच त्यात सांगितलेले नसते.

ईटन-फुलर या अमेरिकी बनावटीच्या दहा, तेरा किंवा अठरा गिअरच्या पेटीत मुख्य गिअरांना सिंक्रोनायझर (गिअर लागण्याआधी वेग जुळवणारा भाग) नसतो आणि शेजारच्या दोन गिअरांतली तफावत कमी असते. ड्रायव्हर एक्सलेटर किंचित सोडतो, दातांवरचा ताण गेला की दांडा न्यूट्रलला ओढतो, इंजिन १५०० वरून साधारण ११०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) उतरेपर्यंत थांबतो आणि दांडा पुढे सरकवतो. खालचा गिअर हवा असेल तर न्यूट्रलमध्ये रेस देऊन आरपीएमचा काटा तेवढाच वर नेतो. क्लच लागतो तो गाडी उठवताना आणि थांबवताना. पेडल तळापर्यंत दाबायचे तेही फक्त उभ्या गाडीत, कारण तळाशी पेटीतला शाफ्ट थांबवणारा क्लच ब्रेक असतो आणि चालत्या गाडीत तो दाबला की झिजतो.

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक अवजड गाड्यांत सिंक्रोमेश, म्हणजे सिंक्रोनायझर असलेली पेटी आहे. गिअर लागण्याआधी सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून दोन्ही बाजूंचा वेग जुळवते. क्लच दाबलेला असेल तर तिला फक्त क्लच प्लेट आणि पेटीतले शाफ्ट आवरायचे असतात. क्लच न दाबता दांडा रेटला की फ्लायव्हीलसकट अख्खे इंजिन तिच्या गळ्यात पडते. रिंग पातळ होते, मग गिअर खरखरतो, पुढे गुंतणाऱ्या दातांची टोके गोल होतात आणि एक दिवस ताण आला की गिअर आपणहून निसटतो. सपाटीवर हे नुसते खर्चाचे काम. घाटात निसटला तर गाडी न्यूट्रल.

त्यात आपल्या सहा गिअरच्या पेटीत टप्पे मोठे. समजा तिसऱ्याचे प्रमाण २.४ (पेटीबाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे २.४ फेरे) आणि चौथ्याचे १.५ आहे. १८०० आरपीएमला चौथा टाकायचा तर इंजिन ११२५ पर्यंत उतरायला हवे. उलट चौथ्यात १२०० वर असताना तिसरा हवा असेल तर १९२० पर्यंत चढवायला हवे. एवढी उडी कानाने अचूक जुळवणारे हात आहेत, नाही असे नाही. पण चाळीस टनांवर सराव करण्याची ही गोष्ट नव्हे.

शिकायचाच असेल तर डबल क्लच शिकावा. रिंगा झिजलेल्या असोत, पहाटे तेल घट्ट असो की वळणावर खालचा गिअर हवा असो, तो कामाला येतो. क्लच दाबून न्यूट्रल. क्लच पूर्ण सोडून रेस. काटा हव्या जागी आला की पुन्हा क्लच, खालचा गिअर, आणि क्लच सोडा. मधल्या वेळी क्लच सोडला नाही तर रेस पेटीपर्यंत पोहोचतच नाही, आणि नवशिके नेमके इथेच चुकतात. नऊ गिअरच्या पेटीत क्रॉलर, म्हणजे सर्वांत संथ गिअर, बहुधा बिनसिंक्रोचा असतो, तो उभ्या गाडीतच टाकावा. अशा पेटीत गिअरांचे वरची आणि खालची रेंज असे दोन गट असतात; वेग जास्त असताना वरच्या रेंजमधून एकदम खालच्या रेंजमध्ये दांडा मारला तर रेंजचा सिंक्रो जळतो. तेलही कंपनीने सांगितलेलेच घालावे. जीएल-४ प्रतीचे गिअर ऑइल सांगितलेल्या पेटीत दुकानदाराच्या भरवशावर जीएल-५ ओतले, तर त्यातली रसायने पितळी रिंगांना खाऊ शकतात.

आता उताराचे. बोरघाट असो, कसारा असो किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार असो, गिअर उतार लागण्याआधी पाडायचा, म्हणजे खालचा टाकायचा. उतारात पाडायला गेलात आणि तो लागला नाही, तर गाडी सेकंदासेकंदाला पळत सुटते आणि गिअर आणखीच लागेनासा होतो. अशा वेळी दांड्याशी झटापट करू नये. आधी पायब्रेक घट्ट धरून वेग त्या गिअरच्या आवाक्यात आणावा, मग डबल क्लच. ब्रेक सारखा पंप केला तर टाकीतली हवा संपते, आणि सतत हलका धरून ठेवला तर लायनर तापून पकड जाते. इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेकही गिअर गुंतलेला आणि क्लच सुटलेला असेल तरच गाडी रोखतो. क्लचवर पाय ठेवून उतरणारा ड्रायव्हर हा ब्रेक स्वतःच बंद करतो, वर क्लचचे रिलीज बेअरिंग खातो ते वेगळेच.

न्यूट्रलवर डिझेल वाचते, हा समज तर आता निव्वळ तोट्याचा आहे. कॉमन रेलच्या, म्हणजे इंधनाचा फवारा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडणाऱ्या इंजिनात गिअर गुंतलेला असताना एक्सलेटर सोडला की इंधनाचा फवारा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते.

मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी केंद्राने २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांत अवजड वाहनांचा अभ्यासक्रम ३८ तासांचा आहे. रिकाम्या गाडीवर मैदानात गिअर बदलून लोडची गाडी कळत नाही. त्या ३८ तासांतले निदान चार तास वजन भरलेल्या गाडीवर, खऱ्या उतारावर, केवळ खालचा गिअर टाकण्यासाठी ठेवावेत. परवान्याच्या चाचणीतही परीक्षकाने शेजारी बसून एकदा म्हणावे, ‘चौथ्यातून तिसरा टाका, आवाज न करता.’

आपला,
अवजड वाहन चालविण्याचा एक प्रशिक्षक, पुणे