ड्रायव्हर बेवारस होऊ देऊ नको

प्रिय अव्या,

फोनवर तू "हो बे, पाहू" म्हणून विषय मोडतोस, म्हणून लिहितो. आईचं बीपी आटोक्यात, बाबांचा गुडघा तसाच, मी ठणठणीत. कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे आणि मजूर मिळेनात. झालं.

काल रात्री अभ्यासिकेतल्या लॅपटॉपवर नवं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकण्याआधी सवयीने मेंटेनर्सची फाइल उघडली, कोणता भाग कोण सांभाळतं त्याची यादी. तुमच्या कंपनीची वाय-फाय चिप चालवणाऱ्या तुझ्या ड्रायव्हरच्या नोंदीत तुझं नाव नाही! बदल काढून पाहिला तर तुझ्या नावाची ओळ लाल, आधी वजाचं चिन्ह. खाली 'सपोर्टेड' गेलं, 'ऑर्फन' आलं. इथे हे कोणाला सांगू? गजूभाऊ म्हणे, "वाय-फाय चालू हाय नं? मंग काहून तोंड पाडून बसला?"

त्या फाइलीतल्या शब्दांचा हिशोब तूच मला शिकवला होतास. सपोर्टेड म्हणजे सांभाळायला कोणाला तरी पगार मिळतो. मेंटेन्ड म्हणजे सांभाळणारं कोणीतरी आहे, पगाराचा प्रश्न नाही. ऑर्फन म्हणजे कोणीच नाही. तुमची टीम मोडली ही गोष्ट मला त्या एका ओळीतून कळावी का रे?

तू म्हणशील, कोड तर कर्नलमध्येच आहे, कुठे जातो? खरं आहे. आतलं काही बदललं तर बदलणाराच सगळ्या ड्रायव्हरांत दुरुस्ती करत जातो, आणि कंपन्या कोड आत घालायला धडपडतात त्या याचसाठी. कोड कंपाइल होत राहील. पण खऱ्या चिपवर चालवून पाहणार कोण? लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की नेटवर्क गायब व्हायचं, आठवतं? मी इथून लॉग पाठवत होतो, तू तिथे शोधत होतास. शेवटी कळलं की झोपेतून उठल्यावर फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्राम, तयार व्हायच्या आतच ड्रायव्हर हुकूम सोडत होता. ते मला लॉगमध्ये जन्मात दिसलं नसतं. तुझ्याजवळ चिपचा कागद होता, ती आतून कशी चालते ते सांगणारा कंपनीचा दस्तऐवज. त्या पॅचखाली, म्हणजे दुरुस्तीच्या कोडखाली, 'रिपोर्टेड-बाय' पुढे माझं नाव आहे आणि 'साइन्ड-ऑफ-बाय' पुढे तुझं. हॉस्टेलात एनडीआयएस-रॅपर घालून विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर पळवणारे आपण दोघं, आणि आपली नावं कर्नलच्या इतिहासात एकाखाली एक! मी ते पान छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे.

हे लॅपटॉप विंडोज 11 घेत नाहीत. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा सगळ्यांवर लिनक्स टाकलं. पोलीस भरतीच्या पोरी सकाळी धावून येतात आणि थेट सराव परीक्षेला बसतात. उद्या एखाद्या अपडेटने वाय-फाय गेलं, तर मी बग कोणाच्या नावाने लिहू?

आता ते जुनं भांडण काढतोच. 2012 मध्ये लिनक्सचा कर्ता टोरवाल्ड्स याने आल्टो विद्यापीठात लिनक्सला साथ न देणाऱ्या ग्राफिक्स चिपवाल्या एनव्हिडियाला कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं, आणि रवल्याने मेसच्या आलू-वांग्याला तेच बोट दाखवून काकूंचा मार खाल्ला. त्या रात्री तू म्हणालास, चिप कंपनीची, पैसा तिचा, गुपित तिने काहून द्यावं? मी म्हणालो, चिप विकली की ती घेणाऱ्याची. तू दोन दिवस बोलला नाहीस. मी आजही तेच म्हणतो. मे 2022 मध्ये त्याच एनव्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, तेव्हा तू मला "घे, जिंकलास" असा मेसेज टाकलास. पण कर्नलबाहेरचा वरचा भाग बंदच राहिला आणि बराच कारभार कार्डावरच्या फर्मवेअरमध्ये गेला. कोड दिला, ज्ञान ठेवून घेतलं. तुमच्याकडेही तेच झालं आहे, अव्या, आणि मला काळजी आहे ती याची.

एएमडी या चिप कंपनीचं बघ. 2006 मध्ये ग्राफिक्स चिपवाली एटीआय विकत घेतली, 2007 मध्ये ग्राफिक्स चिपची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. लिनक्सवर काम करणाऱ्या नोव्हेल कंपनीच्या माणसांनी त्यावरून ड्रायव्हर लिहायला घेतला. फेब्रुवारी 2014 मध्ये ब्रॉडकॉमने रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्सचा दस्तऐवज दिला, आणि त्याच वर्षी खुला ड्रायव्हर लिहायला माणूसही नेमला. कागद बाहेर आला की माणसं बदलली तरी काम अडत नाही. आणि कागद नसला की काय होतं, ते एनव्हिडियाच्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर लिहिणाऱ्या नूव्होवाल्यांना विचार. बंद ड्रायव्हर रजिस्टरात, म्हणजे चिपच्या हुकूम घेणाऱ्या खणांत, काय लिहितो ते एमएमआयओ-ट्रेस या साधनाने टिपायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा. वर्षानुवर्षं! अंधारात विहिरीची खोली दगड टाकून मोजावी, तसं.

म्हणून तुला दोन गोष्टी मागतो. पहिली, नोटीसचे दिवस संपण्याआधी त्या चिपचं रजिस्टरांचं दस्तऐवज खुलं करा म्हणून वरच्यांना लेखी दे. जुनी चिप आहे, तिच्यात आता कोणतं गुपित उरलं? नाही म्हणाले तर निदान फर्मवेअर पुढेही वाटायची परवानगी आणि त्याच्या ज्ञात दोषांची यादी तरी दे म्हणावं. आणि यातलं काही चोरून आणू नकोस, तुझ्या सहीच्या करारात अडकशील. जे मिळेल ते सरळ मार्गानेच मिळू दे.

दुसरी, तुझं नाव घरच्या ईमेलने परत घाल. 'मेंटेन्ड' लिही. चाचणी मी करतो, यंत्रं इथे आहेत आणि रात्री दहानंतर लाइन बरी असते. तू फक्त पॅच वाच.

नवी नोकरी बघतोस का? बघशीलच. वहिनींना नमस्कार, पिंकीचे दात आले का, फोटो पाठव. पुरी सर रिटायर झाले, तुझी चौकशी करत होते.

कागदांचं काय ते आधी कळव, बाकीचं नंतर.

तुझा,
सुध्या

ता. क. तू फाइलीत नाव घातलंस की पहिला बग मीच टाकणार आहे. पाच गिगाहर्ट्झवर एका लॅपटॉपचा वेग मधूनच पडतो. लॉग काढून ठेवला आहे.