नुकसानीच्या त्या दोन याद्यांबद्दल आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

दंगलीनंतर आमच्या दोन्ही समाजांत मध्यस्थी करण्यासाठी आपण आलात, त्याबद्दल शांतता समितीच्या वतीने हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे. अशा वेळी व्यासपीठावर गळाभेटी होतात, छायाचित्रे निघतात आणि मंडप उतरला की जो तो आपापल्या गल्लीत परततो. आपण तो कार्यक्रम होऊच दिला नाही. त्याऐवजी दोन्ही बाजूंना नुकसानीच्या याद्या करायला लावल्या आणि प्रत्येक यादी वाचण्याचे काम समोरच्या समाजातील ज्येष्ठांवर सोपवले. जळालेले शिलाई मशीन, मुलीच्या गुणपत्रिका, वडिलांचा एकुलता एक फोटो असे वाचता वाचता वाचणाऱ्याचाच आवाज अडखळू लागला, आणि ‘सुरुवात कुणी केली’ हा वाद मिटला नसला तरी त्या दिवसापुरता मागे पडला.

नायजेरियातील कादुनाचे इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये यांची हकीकत आपल्याकडूनच कळली. १९९२ च्या हिंसाचारात वुये यांनी हात गमावला, अशाफा यांचे गुरू आणि आप्त मारले गेले. १९९५ मध्ये दोघांची भेट झाली आणि मनातला अविश्वास गेलेला नसतानाच त्यांनी एकत्र काम सुरू केले. आधी विश्वास, मग काम असा आग्रह धरणाऱ्यांना (आमच्यात ते बहुसंख्य होते) हे पचायला वेळ लागला.

भिवंडीचे उदाहरण मात्र लगेच पटले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या त्या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांची माणसे एरवीही भेटत राहिली, आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्याच धर्तीवर आता आमच्या प्रत्येक गल्लीत दोन्हीकडचा एकेक माणूस नेमला आहे. दोघांनी खातरजमा केल्याशिवाय कुठलाही संदेश पुढे जात नाही, आणि मिरवणुकीचा मार्ग व वेळ आधीच लेखी ठरते.

खटले मागे घेतले की सलोखा होईल, हा अनेकांचा सल्ला आपण धुडकावलात, त्याबद्दल विशेष ऋणी आहोत. न्याय मागणाऱ्याला वैरी ठरवून आलेली शांतता आम्हाला नको होती. काही कुटुंबे अजून परतलेली नाहीत. त्यांच्या भरपाईच्या अर्जांचा पाठपुरावा दोन्ही समाजांचे सदस्य मिळून करीत आहेत.

आपले कृतज्ञ,
शांतता समितीचे सर्व सदस्य