धुक्यात प्रखर दिवे कशाला?

महोदय,
धुके म्हणजे जमिनीवर उतरलेला ढगच. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते, लगतची दमट हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानापर्यंत, थंड होते आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब तरंगू लागतात. दृश्यता १ किलोमीटरच्या आत आली की हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. त्यात धूर मिसळला तर दमेकऱ्यांचे हाल विचारूच नका.

पण चालकांना सुचते काय, तर प्रखर दिवे लावणे! तो झोत थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. परवा पहाटे माझ्या भुवयांवरसुद्धा पाणी साचले होते; पुढचा ट्रक दिसला तो अगदी जवळ गेल्यावर. मागचे दिवे बंद! अशी वाहने धुक्यात रस्त्यावर सोडूच नयेत.

– एक दुचाकीस्वार