पॉमेरेनियनचे केस गळतात तेव्हा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पॉमेरेनियन कुत्र्याचे केस गळू लागले की त्वचारोगच असणार असे गृहीत धरून माणसांची मलमे चोळली जातात. आमच्या तीन वर्षांच्या नराबाबत आम्हीही तेच केले आणि आठ महिने वाया घालवले. त्याला खाज नव्हती, जखम नव्हती, भूकही उत्तम होती. आधी मानेवरचे आणि मांड्यांमागचे केस विरळ झाले, मग पाठ उघडी पडून कातडी काळवंडली. डोके आणि पंजे मात्र पूर्वीसारखेच केसाळ राहिले.

खाज नसताना दोन्ही बाजूंनी सारखेच केस जात असतील, तर हार्मोन्सच्या बिघाडाची शंका आधी घ्यायला हवी. तरीही त्वचा खरवडून डेमोडेक्स हे त्वचेतले सूक्ष्म किडे आणि बुरशीजन्य गजकर्ण नाही ना, हे पाहावेच लागते. गजकर्ण तर घरातल्या माणसांनाही होते. त्यानंतर रक्ततपासणी. सुस्ती आणि वाढते वजन थायरॉइडकडे बोट दाखवते, तर सतत तहान, वारंवार लघवी आणि सुटलेले पोट कुशिंगकडे, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढण्याच्या विकाराकडे. स्टेरॉइडयुक्त मलम दीर्घकाळ लावले तर ते अंगात भिनून कुशिंगसारखीच लक्षणे निर्माण करते आणि तपासणीचा निकालही फसवा येऊ शकतो.

हे सारे निरोगी निघाले, तेव्हा उरला अ‍ॅलोपेशिया एक्स, म्हणजे अज्ञात कारणाने होणारी केसगळती. कारण नीट उमगलेले नाही, याची कबुली त्या नावातच आहे. बायोप्सीसाठी कातडीचा तुकडा काढला, तेवढ्याच जागी दोन महिन्यांत केसांचा झुबका उगवला, आजूबाजूला एक केस नाही. या विकारात असे घडते, असे पशुवैद्यांनी सांगितले. नसबंदीनंतर बऱ्याच नरांचे केस परततात, पण काहींचे पुन्हा जातात. कुत्र्याला त्याचे काही वाटत नाही. लाज आपल्यालाच वाटते.

उन्हाळ्यात यंत्राने चकोट केलेली दुहेरी लव परतायला कधी वर्षही लागते, आणि चार-सहा महिन्यांच्या पिल्लाचे केस जाणे हा तर वाढीचाच भाग असतो. या दोन्ही गोष्टींना कोणी रोग समजू नये.

अ‍ॅलोपेशिया एक्स घराण्यात चालत येतो, नरांत अधिक दिसतो आणि बहुधा तारुण्यात उघड होतो, म्हणजे तोवर त्या नराची पिल्ले विकूनही झालेली असतात. असा नर पैदाशीतून तत्काळ वगळावा, आणि पिल्लू घेणाऱ्यांनी त्याचा बाप प्रत्यक्ष, मानेवरचे केस बाजूला सारून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

आपला नम्र,
एक श्वानपालक