जुना वस्तरा ग्राइंडरवर धरू नका

संपादक महोदय,

जुन्या वस्तूंत सापडलेला वस्तरा उजळवायला लोक सर्रास ग्राइंडर नाहीतर बफिंगच्या चाकावर धरतात. वस्तरा चमकतो खरा, पण कामातून जातो. पाणी दिलेले, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केलेले हे पोलाद नंतर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आतच तापवून मुरवलेले असते. धारेजवळचे पाते इतके पातळ, की चाकावर ते क्षणात त्यापलीकडे तापते. धारेवर निळी झाक आली की तिथला कडकपणा संपला. मग कितीही दगड फिरवा, धार टिकत नाही.

हातानेच करा. आधी दहापट भिंगातून पूर्ण धार तपासा. तडा असेल तर तो वस्तरा दाढीसाठी घेऊच नये. पाठीजवळचे, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेजवळचे गंजाचे खड्डे चालतात, धारेवरचे नाही. मुठीला कापरासारखा वास आला तर ती बहुधा सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची. ती कुजू लागली की आम्लारी वाफ सोडते आणि मुठीत झाकलेले पातेच गंजते. अशी मूठ रिव्हेट कापून काढावी आणि विस्तवापासून लांब ठेवावी, ती भडकन पेटते.

गंजावर रात्रभर मशीन ऑइल राहू द्या. मग धारेवर टेप लावून पाते सपाट लाकडावर टेकवा आणि ६००, १०००, २००० नंबरचा वॉटर पेपर तेलासह पाठीकडून धारेकडे फिरवा. उलट फिरवलात तर बोट कापेल. व्हिनेगर नको, ते चांगले पोलादही खाते. देठावरचे, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या अरुंद भागावरचे शिक्के घासू नका, वय त्यांवरूनच कळते: अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतर आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे झाले, म्हणून ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असा ठसा बहुधा त्यानंतरचा. सोनेरी नक्षीला मेटल पॉलिश लागले तर मुलामा निघून जातो.

धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत, कारण कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो. पाठ उचलली की सगळे फसले. बहुतेकांचे बिघडते ते १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), घाईमुळे. धारेच्या उतारावर मार्करची शाई लावा; ती दोन्ही बाजूंनी, टोकापासून टाचेपर्यंत (धारेच्या देठाकडच्या टोकापर्यंत), अगदी कडेपर्यंत पुसली गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतरचे ४०००, ८००० आणि १२००० चे दगड फक्त गुळगुळीत करतात, राहिलेली कसर भरून काढत नाहीत. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे.

एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. म्हणून पाते साबणाने धुऊन ७० टक्के अल्कोहोलने पुसावे. सेल्युलॉइडला मात्र अल्कोहोल लागू देऊ नये, ते विरघळते. ब्लीचने पोलादाला खड्डे पडतात. दाढीनंतर पाते मुठीला जोडणाऱ्या खिळीपाशी अडकलेले पाणी टिपून तिथे तेलाचा एक थेंब सोडावा. नवा गंज बहुधा तिथूनच सुरू होतो.

– एक वाचक