काका, त्या रात्री तुम्ही फोन उचललात

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही पाठवता आलं असतं. पण टॅरॅन्टुलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांची, पिल्लं वाढवायला घेणाऱ्या नवख्या माणसाला तुम्ही काय काय दिलंत, हे चार लोकांसमोर सांगावं असं फार दिवस मनात होतं. तुम्हाला असं जाहीर कौतुक आवडत नाही, हे ठाऊक आहे. तरी लिहिते.

आपली ओळख झाली तेव्हा माझं पहिलं पिल्लू नुकतंच गेलं होतं. काचेची मोठी पेटी, आत ओंडका, वर दिवा, आणि या सगळ्यात नखाएवढंही नसलेलं ते पिल्लू. विकणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं की टॅरॅन्टुलाला कोरडं लागतं. अकराव्या दिवशी ते एका कोपऱ्यात सापडलं, आठही पाय पोटाखाली मुठीसारखे आवळलेले. ओळखीच्या एका ताईंनी तुमचा नंबर दिला. मी फोटो पाठवला आणि लगेच तुमचा फोन आला. तुम्ही रागावला नाहीत. "अगं, तहानेनं गेलं ते," एवढंच म्हणालात आणि मग अर्धा तास समजावून सांगत बसलात.

कोळ्याकडे पाय आवळायला स्नायू असतात, पण मुख्य सांधे ताठ करायला नसतात. अंगातल्या द्रवाच्या दाबावर तो पाय पसरतो. पाणी आटलं की दाब जातो आणि पाय आत वळतात. मोठ्या कोळ्याच्या कातडीवर पाणी धरून ठेवणारा मेणचट थर असतो, पिल्लाचा तो अजून पुरता तयार नसतो. म्हणून मोठ्याला मानवतं ते पिल्लाला मानवत नाही. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही मात्र झाल्या गोष्टीवर एक शब्दही वाया घालवला नाहीत. पुढच्याच आठवड्यात तुमच्याकडच्या मादीच्या अंड्यांच्या पिशवीतली तीन पिल्लं तुम्ही माझ्या हातात ठेवलीत. कुरळ्या केसांची जात, ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस.

डब्याही तुम्हीच तयार करून दिल्या होत्यात. औषधाच्या गोळ्यांच्या पारदर्शक डब्या, तापल्या सुईने बाजूंना पाडलेली भोकं, निम्म्याहून जास्त दाबून भरलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वर मोकळी जागा मुद्दाम कमी, कारण उंचावरून पडलं तर पिल्लाचं पोट फुटतं. कोकोपीट एका कडेला ओलं, दुसऱ्या कडेला कोरडं. "त्याला जिथं बरं वाटेल तिथं ते जाऊन बसेल, तू ठरवू नकोस," असं तुम्ही म्हणाला होतात. दिवा तर तुम्ही पहिल्याच दिवशी काढायला लावलात.

पहिलं खाणं मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. रातकिड्याची मांडी चिमट्याने बिळाच्या तोंडाशी ठेवली आणि श्वास रोखून बसले. बराच वेळ काही नाही. मग आतून दोन पाय आले, केसासारखे बारीक. त्यांनी मांडीला शिवून पाहिलं, मागे गेले, परत आले. आणि एका झटक्यात मांडी आत गेली. इतक्या लहान पिल्लांना मेलेलं खाणंही चालतं, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी जिवंत किडे आत सोडत बसले असते. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं, नाहीतर बुरशी धरते आणि बारीक किडे होतात, हेही तुमचंच.

पण आभार मुख्यतः त्या एका रात्रीचे.

तिघांतल्या सर्वांत मोठ्या पिल्लाने बिळाचं तोंड मातीने आणि जाळ्याने लिंपून घेतलं होतं. २३ दिवस ते बाहेर आलं नव्हतं. मी दोनदा उकरून बघायला निघाले होते आणि दोन्ही वेळा तुम्ही थांबवलंत. दार लावून घेतलंय, पोट काळसर आणि चकचकीत दिसत होतं, म्हणजे कात टाकायची तयारी चालली आहे, असं म्हणालात. चोविसाव्या रात्री अकराच्या पुढे पाहिलं तर दार फुटलेलं आणि पिल्लू वर, जाळ्याच्या चटईवर उताणं पडलेलं. मला वाटलं गेलं. रडतच तुम्हाला फोन लावला.

तुम्ही झोपेतून उठून पहिला प्रश्न विचारलात, "पाय आवळलेत की पसरलेत?" पसरलेले होते. "मग ते मरत नाहीये, कात टाकतंय. हात लावू नकोस, फुंकर मारू नकोस, डबी हलवू नकोस." आणि मग, "आत काही जिवंत आहे का?" होतं. तीन दिवसांपूर्वी खाण्यासाठी टाकलेला छोटा मीलवर्म, म्हणजे भुंग्याची अळी, मातीत घुसला होता आणि मी तो विसरले होते. कात टाकताना पिल्लाचं सगळं अंग मऊ असतं, ते हलूही शकत नाही, आणि भुकेला मीलवर्म त्याला कुरतडू शकतो. तुम्ही फोनवर राहिलात. मी भिंगातून बघत, चिमट्याने, एक एक कण बाजूला करत तो शोधून काढला. तो पिल्लापासून बोटभर अंतरावर होता.

नंतर जे पाहिलं ते तुम्हाला रात्रीच सांगितलं होतं, पण पुन्हा लिहावंसं वाटतं. पाठीवरचं कवच झाकणासारखं उचललं गेलं. पोटाची कातडी बाजूंनी उकलली. मग आठही पाय एकदम, थोडे थोडे, जसे हातमोज्यातून बोटं निघावीत तसे बाहेर यायला लागले. ओढ, थांब, ओढ, थांब. डावा तिसरा पाय जुन्या कातीत अडकला आणि तिथेच राहिला. मी सोडवायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, "राहू दे. पाय परत येतो, ओढताना फाटलेलं पोट परत येत नाही." पहाटे ते कुशीवर वळलं, तेव्हा त्याचे सुळे पांढरेशुभ्र होते. ते काळे झाल्याशिवाय खायला द्यायचं नाही, हे तुम्ही मला तीनदा बजावलंत. तो पाय पुढच्या कातीत बारीक, फिकट असा परत आला, आणि त्यापुढच्या कातीत बाकीच्यांच्या बरोबरीचा झाला.

त्यानंतरच्या काती मी जपून ठेवल्या. पिल्लू हाताच्या बोटाएवढं झालं तेव्हा तुम्ही सांगितलंत तशी कात साबणाच्या पाण्यात मऊ केली आणि आतल्या बाजूने उलगडली. चार पांढरे ठिपके दिसले, पुस्तकी फुप्फुसांचे, म्हणजे पानांसारख्या थरांच्या श्वासाच्या अवयवांचे. कातीबरोबर फुप्फुसांचं अस्तरसुद्धा निघतं, हे पाहून मी थक्क झाले. वरच्या दोन ठिपक्यांच्या मधे एक छोटीशी घडी होती. फोटो पाहून तुम्ही म्हणालात, "मादी आहे. आता वीस वर्षं धरून चाल." आणि लगेच विचारलंत, माझ्यानंतर किंवा मी आजारी पडले तर तिचं कोण करणार. तो प्रश्न तेव्हा मला बोचला होता. आता डब्यांच्या खणात माझ्या बहिणीसाठी लिहिलेला कागद आहे: पाणी कधी, खाणं काय, कात टाकताना काय करायचं नाही.

आणखी एका गोष्टीसाठी तुमची ऋणी आहे. मला लाल गुडघ्यांची मेक्सिकन टॅरॅन्टुला हवी होती, आणि कुणीतरी रानातून आणलेली मोठी मादी देऊ करत होतं. तुम्ही सांगितलंत की ही जात १९८५ पासून साइटीसच्या, म्हणजे वन्य जीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे, कारण वयात यायला वर्षानुवर्षं घेणारी मादी रानातून उचलली की तिच्यामागे ती जागा भरून काढायला लवकर कुणी येत नाही. पाळलेल्या जोडीचं, कागदपत्रं असलेलं पिल्लू मिळेपर्यंत थांब, नाहीतर घेऊ नकोस. मी अजून थांबले आहे.

त्या तिघांतली दोन नर निघाली. एक वयात येऊन गेला, दुसरा तुमच्याकडेच मादीसाठी पाठवला होता. तुमची ती मादी, म्हणजे माझ्या पिल्लांची आई, या वर्षी गेली, हे तुम्ही चार शब्दांत कळवलंत. तुमच्याशी फोनवर त्याबद्दल मला नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. तिच्यामुळे मला हे सगळं मिळालं, काका.

काल संध्याकाळी तिच्या लेकीने पुन्हा दार लिंपून घेतलं. आत किडा राहिलेला नाही, दोनदा पाहिलं. पाण्याची वाटी भरलेली आहे. ती बाहेर आली की पहिला फोन तुम्हालाच करेन, रात्र असली तरी.

तुमची नम्र,
ती तीन पिल्लं नेणारी